कोंबडीला विचारून पाहिलं तर

साशंक : कोंबडीविषयीच्या नवलाच्या गोष्टींची यादी कुठे दिसली की मला त्या यादीच्याच उपयोगाबद्दल शंका येते. कोंबडी म्हणे टिरॅनोसॉरसची नातलग, कोंबडीला म्हणे मोजता येतं, डोकं उडवलेला एक कोंबडा म्हणे दीड वर्ष जगला. वाचणारा क्षणभर चकित होतो आणि पुढच्या यादीकडे वळतो. टिरॅनोसॉरसचंच घ्या. २००७ साली त्या डायनोसॉरच्या मांडीच्या हाडातून मिळालेले कोलॅजेनचे तुकडे आजच्या प्राण्यांच्या प्रथिनांशी ताडून पाहिले गेले आणि ते कोंबडीच्या सर्वांत जवळचे निघाले, अशी बातमी जगभर झाली. वास्तविक आज जिवंत असलेला प्रत्येक पक्षी टिरॅनोसॉरसशी सारख्याच नात्याने बांधलेला आहे. चिमणी, कावळा, शहामृग, सगळेच. कोंबडीचं नाव पुढे आलं, कारण तुलनेसाठी तिचीच माहिती हाताशी होती. संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेलेला पहिला पक्षी कोंबडी, आणि ते काम २००४ मध्येच झालं होतं. शिवाय ते तुकडे खरोखर इतके जुने आहेत का, यावर तज्ज्ञांत पुढे बराच वाद झाला. म्हणजे यातलं नवल कोंबडीचं कमी आणि प्रयोगशाळेच्या सोयीचं जास्त. अशा गोष्टी सांगून कोंबडीबद्दलचं ज्ञान वाढतं, हे मला मान्य नाही.

जिज्ञासू : टिरॅनोसॉरस तुमचा. त्या बातमीसाठी मी भांडणार नाही. पण यादी उथळ असते म्हणून तिच्यात आलेली प्रत्येक गोष्ट उथळ ठरत नाही. जो पक्षी आपल्या अंगणात आहे तो आपल्याला माहीत आहे, असं आपण धरून चालतो. हे गृहीत किती पोकळ आहे ते पाहा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण मराठीत कोण जाणत नाही? पण झाकलेल्या कोंबड्याचं काय होतं, हे कोणी नीट तपासलं नव्हतं. जपानमधल्या नागोया विद्यापीठात योशिमुरा आणि शिम्मुरा यांनी ते तपासलं आणि २०१३ साली प्रसिद्ध केलं. कोंबडे दिवसरात्र एकसारख्या मंद उजेडात ठेवले, बाहेरचा सूर्य त्यांना दिसू दिला नाही. तरीही ते पहाटेच्या सुमारास, उजाडण्याच्या आधीच आरवत राहिले. पहाट त्यांच्या शरीरातल्या घड्याळात होती. दुसऱ्या कोंबड्याचा आवाज किंवा अवेळी पडलेला उजेड यांनीही ते आरवतात, पण या चिथावणीलाही ते पहाटेच्या सुमारास अधिक जोराने प्रतिसाद देतात. दोन वर्षांनी त्याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत सर्वांत वरच्या दर्जाचा कोंबडा आधी आरवतो, मग उतरत्या दर्जाप्रमाणे बाकीचे. वरचा काढून घेतला की दुसरा सुरुवात करतो.

हा दर्जा म्हणजे काय, तेही कोंबड्यांमुळेच कळलं. नॉर्वेच्या शेल्डेरूप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्यांची टिपणं ठेवली आणि १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं की कळपात कोण कोणाला टोचतो याचा क्रम ठरलेला असतो आणि प्रत्येक पक्षी तो ओळखून असतो. समाजशील प्राण्यांमधल्या उतरंडीचा अभ्यास तिथून सुरू झाला. आता मुळाकडे जाऊ. कोंबडी लाल रानकोंबड्यापासून आली, हे डार्विनचं मत बहुतांशी खरं ठरलं. पण बाजारातल्या बहुतेक कोंबड्यांची कातडी आणि पाय पिवळे असतात, त्या पिवळेपणाचं जनुक लाल रानकोंबड्याकडचं नाही. २००८ साली स्वीडनमधल्या संशोधकांच्या नेतृत्वाखाली झालेल्या अभ्यासात ते राखी रानकोंबड्याकडून आल्याचं दिसलं. राखी रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या जंगलात आरवणारा, मानेवर पिवळसर ठिपक्यांची पिसं असलेला पक्षी. तो भारताच्या द्वीपकल्पाबाहेर कुठेच नाही. म्हणजे अमेरिकेतल्या पोल्ट्रीतल्या कोंबडीच्या पायांवरही आपल्याकडच्या जंगलाची एक खूण आहे. ही गोष्ट मला नुसती नवलाची वाटत नाही. आपल्या परसातल्या पक्ष्याचा इतिहास आपल्याला ठाऊक नव्हता, ही त्यातली गंभीर बाजू आहे.

साशंक : इतिहास मान्य. पण तुम्ही दिलेल्या उदाहरणांनी एवढंच सिद्ध होतं की माणूस बेफिकीर होता. कोंबडीच्या बाजूने त्यात काय आलं? शरीरातलं घड्याळ वनस्पतींतही असतं. पिवळं कातडं हा रंगद्रव्य साठण्याचा प्रकार आहे. आणि तो बिनडोक्याचा कोंबडा, ज्याची गोष्ट सगळे मिटक्या मारत सांगतात, तो तर माझीच बाजू मांडतो. १९४५च्या सप्टेंबरात कोलोरॅडोतल्या फ्रूटा गावात कुऱ्हाडीचा घाव जरा वर बसला, मेंदूचा खालचा देठ शाबूत राहिला, आणि तो कोंबडा अठरा महिने जगला. त्याला थेट अन्ननलिकेत दूध आणि दाणे भरवत. तो उभा राही, तोल सावरी, आरवण्याची धडपडही करी. डोक्याचा बहुतेक भाग गेल्यावरही इतकं सगळं होत असेल, तर उरलेल्या कोंबड्यांच्या हालचालींकडे पाहून ‘तिला कळतं’ असं म्हणण्याआधी दहादा विचार करायला हवा. यंत्रवत वागण्याचा साठा या पक्ष्यात फार मोठा आहे. तुम्ही शरीराच्या नवलाई सांगता आणि हळूच मनाकडे सरकता, ही उडी मला खटकते.

जिज्ञासू : तर मग उडी न मारता एकेक पायरी चढू. कोंबडा धोक्याचे दोन वेगळे आवाज काढतो. आकाशात घार दिसली तर एक, जमिनीवरून कुत्रा किंवा मुंगूस आलं तर दुसरा. इथवर तुम्ही त्याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणाल. पण १९९०च्या दशकात इव्हान्स आणि मार्लर यांनी हे आवाज ध्वनिमुद्रित करून कोंबड्यांना ऐकवले. समोर ना घार, ना कुत्रा. घारीचा आवाज ऐकून कोंबड्या दबून बसत किंवा आडोशाला पळत आणि मान तिरकी करून वर पाहत. जमिनीवरच्या शत्रूचा आवाज ऐकून त्या ताठ उभ्या राहून आडवी नजर फिरवत. म्हणजे आवाजातून नुसती भीती पसरत नव्हती, कोणत्या बाजूला पाहायचं ही माहितीही पोचत होती. त्यांच्याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. जवळ दुसरं कोणी असेल तर कोंबडा घारीचा इशारा अधिक देतो, एकटा असेल तर बराचसा गप्प राहतो. शत्रू तोच, भीती तीच, पण ऐकणारं कोणी आहे की नाही यावर आवाज ठरतो. बिनडोक्या कोंबड्याला हे जमलं असतं का?

पिल्लांचं पाहा. इटलीतल्या रुगानी, रेगोलिन, वल्लोर्तिगारा यांनी जेमतेम तीन-चार दिवसांची पिल्लं घेतली. ती पाच सारख्या गोळ्यांच्या सहवासात वाढवली होती, म्हणजे आईच्या जागी त्यांना त्या गोळ्यांचा लळा होता. मग पिल्लांदेखत काही गोळे एका पडद्यामागे आणि काही दुसऱ्या पडद्यामागे नेले, आणि त्यानंतर काही गोळे एकीकडून दुसरीकडे हलवले. पिल्लू मोकळं सोडलं की ते जिथे शेवटी जास्त गोळे उरले असतील त्या पडद्यामागे जाई. पहिल्यांदा जिथे जास्त होते तिथे नाही. त्यासाठी त्याला कोणी शिकवलं नव्हतं, दाण्याचं आमिषही नव्हतं. नजरेआड झालेल्या वस्तू मनात धरणं आणि त्यांची वजाबाकी-बेरीज करणं, यापेक्षा साधा अर्थ मला तरी लावता येत नाही.

आणि अंड्यातलं घ्या, कारण त्याचा संबंध थेट आपल्या व्यवहाराशी आहे. उबवण्याच्या शेवटच्या दिवसांत गर्भ असा वळलेला असतो की डावा डोळा अंगाकडे दबलेला आणि उजवा कवचाकडे. कवचातून झिरपणारा उजेड फक्त उजव्या डोळ्याला मिळतो, आणि त्यामुळे मेंदूच्या दोन बाजू वेगवेगळी कामं वाटून घेतात. ऑस्ट्रेलियाच्या लेस्ली रॉजर्स यांनी हे उलगडलं. २००४ साली त्यांनी आणि इटलीतल्या सहकाऱ्यांनी दाखवलं की उजेडात उबवलेलं पिल्लू खड्यांतून दाणे निवडता निवडता डोक्यावरून सरकणाऱ्या शिकारी पक्ष्याच्या आकृतीवरही लक्ष ठेवतं. काळोखात उबवलेल्या पिल्लाची ही दोन्ही कामं एकदम करताना तारांबळ उडते. खुडूक कोंबडी अंड्यांवरून अधूनमधून उठते, दाणापाणी करून परत बसते, तेवढ्या वेळात अंड्यांवर उजेड पडतो. उबवणी यंत्राच्या पेटीत मात्र सहसा काळोख असतो. जगातली बहुसंख्य पिल्लं आज त्या काळोखातून बाहेर येतात.

साशंक : हे प्रयोग चांगले आहेत, मी ते नाकारत नाही. पण त्यांच्यापुढे माझ्या तीन हरकती आहेत. पहिली, कोंबडीबद्दल इतकं माहीत आहे ते ती विशेष आहे म्हणून की ती स्वस्त आहे म्हणून? पाश्चरने कमी मारक केलेल्या जंतूंची लस पहिल्यांदा यशस्वी केली ती कोंबड्यांच्या पटकीवर, १८७९-८० मध्ये. जावा बेटावर आइकमन यांना बेरीबेरीच्या कारणाचा माग लागला तो इस्पितळातला पांढरा, सडीक तांदूळ खाऊन लुळ्या पडलेल्या कोंबड्यांमुळे. विषाणूमुळे कर्करोगाची गाठ होऊ शकते, हे पेटन रूस यांनी १९११ साली कोंबडीवरच दाखवलं. आइकमन यांना १९२९ साली आणि रूस यांना तब्बल १९६६ साली नोबेल मिळालं. कोंबडी प्रयोगशाळेत कायम हजर होती, म्हणून तिच्याबद्दल कागद साठले. पारव्याला किंवा तित्तिराला तितकेच प्रश्न विचारले असते तर कदाचित तशीच उत्तरं आली असती. मोजण्याची शक्ती तर मधमाशीतही दिसली आहे.

दुसरी हरकत अर्थ लावण्याबद्दल. ब्रिस्टलच्या जोअॅन एडगर आणि सहकाऱ्यांनी २०११ साली पिल्लांच्या अंगावर हवेचा झोत सोडला आणि ते पाहणाऱ्या आईच्या हृदयाचे ठोके वाढल्याचं, डोळ्यांचं तापमान उतरल्याचं नोंदवलं. वर्तमानपत्रांनी लगेच ‘कोंबडीला सहानुभूती असते’ असं छापलं. पुढे त्यांच्याच गटाने तपासलं तेव्हा दिसलं की आई पिल्लांच्या ओरडण्यापेक्षा स्वतःच्या माहितीवर जास्त चालते. झोत येणार असं तिला माहीत असेल तर पिल्लं शांत असली तरी ती अस्वस्थ होते. याला तुम्ही काळजी म्हणाल, मी पूर्वानुभवाने आलेली भीती म्हणेन, आणि त्या आकड्यांतून दोघांत निवाडा होणार नाही.

तिसरी हरकत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. समजा तुमचं सगळं खरं आहे, कोंबडी हुशार आहे. मग? हुशारी हीच जर दयेची पात्रता असेल तर जो प्राणी परीक्षेत नापास होईल त्याचं काय करायचं? आणि माणसांतलं जे मूल कधीच मोजायला शिकणार नाही त्याचं? ‘पाहा, कोंबडीलाही बेरीज येते’ असं सांगून तिच्यासाठी जागा मागणं म्हणजे ज्यांना बेरीज येत नाही त्या सर्वांची जागा काढून घेण्याची वाट मोकळी करणं. नवलाच्या याद्यांवर माझा खरा राग इथे आहे. त्या गुणपत्रिका दाखवून न्याय मागतात.

जिज्ञासू : तिसरी हरकत मी पूर्ण मान्य करते, आणि ती मान्य केल्यावर मला माझा मुद्दा जास्त नीट दिसतो. कोंबडीला काय येतं, हा प्रश्न बाजूला ठेवू. तिला काय हवं आणि तिला काय दुखतं, हे विचारू. हा प्रश्न हुशारीचा नाही. आणि तो विचारण्याची पद्धत आहे, हीच माझ्या मते कोंबडीबद्दलची सर्वांत मोठी नवलाची गोष्ट आहे, जी कोणत्याच यादीत नसते.

ब्रिटनमध्ये १९६४ साली रूथ हॅरिसन यांनी पिंजऱ्यातल्या पशुपालनावर पुस्तक लिहिलं आणि एवढी खळबळ उडाली की सरकारला प्राणिशास्त्रज्ञ ब्रँबेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. समितीने १९६५ साली अहवाल दिला. माणसं प्रामाणिक होती, कोंबडीचं हित त्यांना खरंच हवं होतं. त्यांनी सुचवलेल्या गोष्टींपैकी एक अशी होती की पिंजऱ्याच्या तळाला बारीक तारेची षट्कोनी जाळी वापरू नये, ती पायांना टोचत असणार. कोणीही हेच म्हणालं असतं. पुढे एडिंबराला ह्यूज आणि ब्लॅक यांनी कोंबड्यांसमोर वेगवेगळ्या जाळ्यांचे तळ ठेवले आणि त्या कुठे उभ्या राहतात ते मोजलं. समितीने जी जाळी वाईट ठरवली होती, कोंबड्यांनी तीच पसंत केली. खालून फोटो काढल्यावर कारणही दिसलं. बारीक तारेवर तळव्याला जास्त ठिकाणी आधार मिळतो. थोर थोर तज्ज्ञांची समिती चुकली आणि कोंबडी बरोबर ठरली, कारण पाय तिचा होता.

पुढे हीच पद्धत वाढत गेली. अंडं घालायची वेळ जवळ आली की कोंबडी आडोशाच्या जागी पोचण्यासाठी अरुंद फटीतून अंग दाबून घुसते. इतर वेळी तेवढ्या फटीकडे ती ढुंकूनही पाहत नाही. तिला आडोसा किती हवा आहे, हे त्या फटीच्या रुंदीने मोजता येतं. २००० साली ब्रिस्टलला झालेला एक प्रयोग तर मला विसरता येत नाही. मांसासाठी वाढवलेल्या लंगड्या कोंबड्यांपुढे दोन रंगांचं खाद्य ठेवलं, एकात कारप्रोफेन हे वेदनाशामक मिसळलेलं. लंगड्या पक्ष्यांनी औषधाचं खाद्य जास्त खाल्लं. लंगडेपणा जितका जास्त, तितकं औषध जास्त. धडधाकट पक्ष्यांनी असा फरक केला नाही. वेदना असते का, ती असह्य असते का, यावर तत्त्वज्ञ कितीही वाद घालोत, इथे पक्ष्याने आपलं दुखणं स्वतः सांगितलं आणि औषधाची मात्राही स्वतःच ठरवली. त्यासाठी त्याला बेरीज यावी लागली नाही.

साशंक : हा मुद्दा मला हलवतो. पण तुम्ही ज्याला ‘विचारणं’ म्हणता त्यात प्रश्न नेहमी आपला असतो. आपण दोन जाळ्या ठेवल्या, कोंबडीने त्यांतली एक निवडली. तिला मातीची जमीन हवी होती का, हे त्या प्रयोगात विचारलंच नव्हतं. दुसरं, निवड सवयीने घडते. मेरियन डॉकिन्स यांनी पिंजऱ्यात वाढलेल्या कोंबड्यांना पिंजरा आणि मोकळं आवार यांत निवड दिली तेव्हा त्या आधी पिंजऱ्याकडेच वळल्या.

जिज्ञासू : आणि मोकळ्या आवाराचा थोडा अनुभव मिळताच त्यांनी आवार निवडायला सुरुवात केली. तो भाग वगळू नका. त्या प्रयोगाने एवढंच सांगितलं की पहिलं उत्तर शेवटचं धरू नये.

साशंक : ठीक. पण माझी खरी अडचण याहून खोल आहे. तुम्ही जिला विचारता ती कोंबडी आहे कोण? रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, पोल्ट्रीतली संकरित कोंबडी तीनशेच्या वर. एका कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं. म्हणजे वर्षाकाठी सहाशे ग्रॅम, तिच्या सगळ्या हाडांत असतं त्याच्या कितीतरी पट. खाद्यातून पुरत नाही तेव्हा ते हाडांतून निघतं, आणि छातीचं हाड मोडणं हा अंड्याच्या कोंबड्यांत नित्याचा प्रकार होऊन बसला आहे. त्यांची खुडूक बसण्याची वृत्तीही निवड करकरून जवळपास घालवली आहे, कारण खुडूक कोंबडी अंडी द्यायची थांबते. मांसाच्या कोंबड्यांचं आणखी पाहा. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७चा वाण, १९७८चा वाण आणि २००५चा वाण एकाच खाद्यावर शेजारी शेजारी वाढवले. छप्पन्नाव्या दिवशी वजनं भरली अनुक्रमे ९०५ ग्रॅम, १,८०८ ग्रॅम आणि ४,२०२ ग्रॅम. पन्नास वर्षांत चौपटीहून जास्त. हाडांचा सांगाडा इतका बदलला की २०१८ साली संशोधकांनी सुचवलं, मानवयुगाची भूस्तरातली खूण म्हणून ब्रॉयलरची हाडं धरावीत. जगात कोणत्याही एका क्षणी वीस अब्जांहून अधिक कोंबड्या जिवंत असतात. इतर कोणत्याच पक्ष्याची संख्या इतकी नाही. हा पक्षी आपण घडवला. त्याच्या आवडीनिवडीही आपण घडवल्या. मग त्याचं उत्तर कोणाचं, त्याचं की आपलंच परत आलेलं?

आणि याची दुसरी बाजूही बोलू या, कारण ती टाळणं सोपं आहे. याच बदलामुळे अंडं आणि चिकन गरिबाच्या ताटात आलं. एकेकाळी आपल्याकडे कोंबडी कापली जाई ती पाहुणा आला तर किंवा जत्रेला. सत्तरच्या दशकापासून पुण्याच्या परिसरात जो पोल्ट्रीचा धंदा उभा राहिला, त्याने देशाचं खाणं बदललं. ज्या मुलाला दिवसाचं पुरेसं प्रथिन मिळत नाही त्याच्या आईपुढे फटीतून घुसणाऱ्या कोंबडीची गोष्ट सांगायला माझी जीभ रेटत नाही.

जिज्ञासू : माझीही रेटणार नाही. आणि मी गावठी कोंबडीचं सुखचित्रही काढणार नाही. खुराड्यातल्या पिल्लांवर घार येते, मुंगूस येतं, आणि राणीखेतची साथ आली की आठवड्याभरात वस्तीतल्या कोंबड्या संपतात. मोकळं असणं म्हणजे सुखी असणं नाही, हे घराघरात कोंबड्या डालणाऱ्या बायकांना कोणी शिकवायला नको. पण गरिबाचं अंडं आणि कोंबडीचं हाड यांना तुम्ही एकमेकांसमोर असं उभं केलंत की जणू मधे काहीच शक्य नाही. युरोपीय संघाने २०१२ पासून अंड्याच्या कोंबड्यांचे जुने, उघडेबोडके पिंजरे बंद केले. त्या पिंजऱ्यात एका कोंबडीला ए-फोर कागदाएवढीही जागा नसे. जर्मनीने २०२२ पासून अंड्याच्या वाणातली नर पिल्लं जन्मताच मारणं बंद केलं. अंडी तिथे आजही मिळतात, थोडी महाग. ‘थोडी’ या शब्दाचा अर्थ तिथे आणि इथे वेगळा आहे, हे मला कळतं. तरी तो हिशेब मांडून बघण्याजोगा आहे, आणि तो मांडण्यासाठी कोंबडीला काय किती हवं हे माहीत असावं लागतं. जागा महत्त्वाची की आडोसा, आडोसा की धुळीत अंग घोळायला माती? सगळं देता येत नसेल तर आधी काय द्यायचं, हे तिच्याकडूनच कळेल. पैसे कमी असताना तर तिला विचारण्याची गरज वाढते, नाहीतर ब्रँबेल समितीसारखे आपण नको त्या जाळीवर खर्च करू.

साशंक : पिंजऱ्याच्या बाबतीत मी तुमच्याबरोबर येतो. वाणाच्या बाबतीत तुमची पद्धत कुठे थांबते ते सांगतो. ब्रॉयलर पिल्लांचे आईबाप घ्या. पिल्लं सहा आठवड्यांच्या आतबाहेर कापली जातात, पण आईबाप वर्षभराहून जास्त जगवावे लागतात, त्याशिवाय अंडी कुठून येणार? भूक मात्र त्यांना तीच मिळालेली, झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लाची. पोटभर खाऊ दिलं तर ते लठ्ठ होतात, पाय आणि हृदय जवाब देतात, अंडी फळत नाहीत, लवकर मरतात. म्हणून वाढीच्या वयात त्यांना मोजून, भुकेपेक्षा फार कमी खाद्य देतात. मग ते रिकाम्या भांड्यावर चोची मारत राहतात, गरज नसताना पाणी पीत राहतात. आता तुमच्या पद्धतीने विचारा त्यांना. काय हवं? खाद्य हवं, हे उत्तर निःसंशय मिळेल. द्या आणि मारा, की नाकारा आणि उपाशी ठेवा? दोन्ही बाजूंनी पक्ष्याचं नुकसान आहे. इथे तो खोटं बोलत नाही, आपणही ऐकण्यात चुकत नाही, तरी उत्तराचा उपयोग नाही. प्रश्न विचारायला उशीर झाला आहे. तो हे शरीर घडवण्याआधी विचारायचा होता.

जिज्ञासू : यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एक अर्धं आहे. जे निवडीने घडलं ते निवडीनेच मागे नेता येतं. सावकाश वाढणारे वाण आहेत, नेदरलँड्समध्ये मोठ्या दुकानांनी ताज्या मांसासाठी त्यांच्याकडे वळायला सुरुवात केली. आपल्याकडेही परसातल्या पालनासाठी वनराजा, गिरिराजा असे काटक वाण सरकारी संस्थांनी आणि कृषी विद्यापीठांनी काढलेच ना? पैदास करणाऱ्याच्या वहीत आज वजन, खाद्याचा खर्च, अंड्यांची संख्या हे रकाने असतात. त्यांच्याच शेजारी चालणं, हाडांची मजबुती आणि पोट भरल्याचं समाधान हे रकाने तितक्याच वजनाने आले, तर पुढचा पक्षी वेगळा होईल. चालणं आणि हाडं मोजता येतात. भूकही मोजता येते, दाण्यासाठी पक्षी किती कष्ट करायला तयार आहे यावरून.

साशंक : म्हणजे ज्याला वेदना कमी होईल असा पक्षी तुम्ही घडवणार. मग उद्या कोणी म्हणेल, पिंजरा तसाच ठेवू आणि आडोशाची ओढ नसलेली कोंबडी काढू. खुडूकपणा घालवलाच आहे, ही ओढही घालवू. ती फटीतून घुसणार नाही, मातीकडे पाहणार नाही, तिला विचाराल तर ती म्हणेल, सगळं ठीक आहे. तुमच्या कसोटीला ती शंभर टक्के उतरेल. तिच्यावर अन्याय झाला आहे असं तुम्हाला तेव्हाही वाटेल का, आणि वाटलं तर कशाच्या आधारावर?

जिज्ञासू : वाटेल. आधार म्हणून मी राखी आणि लाल रानकोंबड्यांकडे बोट दाखवेन, जे आजही जमीन उकरतात, झाडावर रात्र काढतात, धुळीत लोळतात. पण तसं केलं की मी कोंबडीला विचारणं सोडून रानाला विचारायला लागले, हेही मला दिसतं आहे. आणि तुम्ही लगेच म्हणाल की रानातल्या पक्ष्याच्या गरजा या कोंबडीवर लादण्याचा अधिकार मला कोणी दिला.

साशंक : तेच म्हणणार होतो. पण ती कोंबडी काढण्याचा अधिकारही कोणाला दिलेला मला सापडत नाही.